अकरावीची केमिस्ट्री डोक्यावरून जातेय? आधी साबुदाणे मोजायला बसवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लेक दहावीपर्यंत मराठी मीडियमला होती, आता अकरावी सायन्सला आहे आणि केमिस्ट्रीच्या पहिल्या दोन-तीन धड्यांतच (अणू, मोल, आवर्तसारणी, सिग्निफिकंट फिगर्स) गाडी अडकलीय. कॉलेजात सगळं इंग्लिशमध्ये, घरी येऊन हिंदी व्हिडिओ बघते तर अजूनच गोंधळते, रात्री पाठ केलेलं सकाळी पुसलेलं असतं, तर नेमकी सुरुवात कुठून करायची.

मी काही शिक्षक नाही हे आधीच सांगतो. एमआयडीसीतल्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये 24 वर्षं झाली, दरवर्षी बीएस्सी, एमएस्सी करून आलेली नवीन पोरं माझ्याकडे येतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा घोळ अगदी तुमच्या लेकीसारखाच असतो, फरक इतकाच की त्यांच्या हातात डिग्री असते. सूत्रं येतात, पण मोल म्हणजे काय विचारलं की अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा फेकतात आणि गप्प बसतात. म्हणून मी त्यांना पहिले काही आठवडे काट्यावरच बसवतो. माझं उत्तरही तेच आहे, सुरुवात काट्यापासून करा. पुस्तकात अणू आधी येतो, पण अणू कोणाला दिसला म्हणून केमिस्ट्री सुरू झाली नाही, लोकांनी वजनं केली आणि ती वजनं अशी काही जुळायला लागली की अणू मानल्याशिवाय सुटकाच राहिली नाही.

पण त्याआधी हिंदी व्हिडिओचा प्रॉब्लेम, कारण तो पाच मिनिटांत सुटण्यासारखा आहे आणि कोणी सांगतच नाही. मराठी पुस्तकात अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलेक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलेक्यूलला अणु! म्हणजे हिंदी सर 'पानी का अणु' म्हणतात ते आपल्या भाषेत पाण्याचा रेणू. पोरगी ऐकते अणू, डोक्यात येतो ॲटम, पुढचा अख्खा तास वाया. तसंच 'क्षार'चं. आपल्याकडे क्षार म्हणजे सॉल्ट, हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि सॉल्टला ते लवण म्हणतात. आपलं मूलद्रव्य त्यांचं तत्व, आपलं संयुग त्यांचं यौगिक, आपलं वस्तुमान त्यांचं द्रव्यमान, आपलं आकारमान त्यांचं आयतन. वहीच्या शेवटच्या पानावर तीन कॉलम पाडून मराठी, हिंदी, इंग्लिश असं तिलाच लिहायला सांगा, निम्मा गोंधळ त्या पानावरच मिटेल. आणि 'लीना की रब से फरियाद', 'बेटा मांगे कार स्कूटर' ही आवर्तसारणीतल्या ओळी लक्षात ठेवायची हिंदी वाक्यं (लीना म्हणजे लिथियम, सोडियम वगैरे) करू दे हवं तर, पाठांतराला माझा विरोध नाही, फक्त त्याला केमिस्ट्री समजू नका.

आता साबुदाणे. चेष्टा नाही करत. ऑनलाइन तो छोटा पॉकेट काटा मिळतो ना, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, काहीशे रुपयांत येतो, तो घ्या. लेकीला 100 साबुदाणे मोजून त्यांचं वजन करायला सांगा, मग 100 चवळ्या मोजून त्यांचं. चवळीच्या वजनाला साबुदाण्याच्या वजनाने भागा. समजा उत्तर 5 आलं (तुमच्या घरच्या डब्यात वेगळं येईल, काही बिघडत नाही). याचा अर्थ एक चवळी पाच साबुदाण्यांएवढी जड. बरोबर? आता 1 किलो साबुदाणा आणि 5 किलो चवळी शेजारी शेजारी ठेवा, दोन्हीकडे दाण्यांची संख्या सारखीच असणार, आणि आपण एकही दाणा मोजलेला नाही. वजनातून संख्या काढली. हार्डवेअरवाला तेच करतो, 500 खिळे मागा, तो मोजत बसत नाही, तोलून देतो.

मोल म्हणजे एवढंच आहे हो. हायड्रोजनचा अणू साबुदाणा धरा, कार्बनचा त्याच्या जवळपास 12 पट जड, ऑक्सिजनचा 16 पट. मग 1 ग्रॅम हायड्रोजन, 12 ग्रॅम कार्बन आणि 16 ग्रॅम ऑक्सिजन यात अणूंची संख्या एकच असणार, ती किती हे माहीत नसलं तरी! हे वाक्य तिला दोनदा वाचायला लावा. 6.022 गुणिले 10 चा 23वा घात हा अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा खूप नंतर आला, त्याच्या आधी कित्येक दशकं लोक हे गुणोत्तर वापरून बिनधास्त केमिस्ट्री करत होते. आता तर 20 मे 2019 पासून तो आकडा ठरवूनच टाकलाय, 6.02214076 गुणिले 10 चा 23वा घात, पुढे काही नाही, डझन म्हणजे 12 तसा मोल म्हणजे एवढे. आकडा किती मोठा याचा अंदाज यायला एक हिशोब तिच्याकडून करून घ्या, 10 ग्रॅम सोनं, सोन्याचं अणुवस्तुमान 197 म्हणजे 197 ग्रॅमला एक मोल, तर अणू किती? उत्तर 3 वर 22 शून्यं याच्या आसपास येतं. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्यांवर करायला सांगा, पुस्तकातल्या गणितापेक्षा जास्त लक्षात राहतं.

आता तुम्ही विचारलेलं क्लोरीनचं. प्रोटॉन, न्यूट्रॉन पूर्ण आकड्यात असतात तर वस्तुमान 35.5 कसं, अर्धा न्यूट्रॉन असतो का, असं लेकीने सरांना विचारलं आणि सर म्हणाले पुढे कळेल. प्रश्न एकदम बरोबर आहे तिचा. 35.5 वजनाचा क्लोरीनचा एकही अणू जगात नाही. चवळीच्या डब्यात दोन आकाराच्या चवळ्या मिसळलेल्या आहेत असं समजा, दर चारातल्या साधारण तीन 35 च्या आणि एक 37 ची. तीन गुणिले 35 अधिक 37, भागिले चार, किती? 35.5. नीट मोजमापाने 35.45 येतं कारण मिश्रण अगदी तीनास एक नाही, 75.8 आणि 24.2 टक्के आहे. या दोन प्रकारांना समस्थानिक म्हणतात, कारण आवर्तसारणीत दोघांची जागा एकच. काट्याला एकेक चवळी दिसत नाही, त्याला डब्याची सरासरीच कळते आणि मिठातलं क्लोरीन तोलताना आपल्यालाही तेवढंच लागतं.

कोणीतरी म्हणेलच की अणू आपल्याकडे कणादांनी आधीच सांगितला होता. हो, वैशेषिकांत परमाणूचा विचार आहे, ग्रीकांकडे डेमोक्रिटसचा आहे, दोन्ही भारी आहेत, पण त्यात आकडा नाही. इंग्लंडातल्या डाल्टनने 1808 साली पुस्तक काढलं त्यात नवीन काय होतं, तर प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला एक वजन चिकटवलं. आणि गंमत म्हणजे त्यातली बरीच चुकलेली होती! पाण्यात हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक असं त्याने धरलं, म्हणजे आपल्या लिपीत 'एच ओ', एच टू ओ नाही. त्यामुळे ऑक्सिजनचं वजन त्याच्या तक्त्यात 7 आलं, तोलणं अचूक असतं तरी 8 आलं असतं, 16 नाही. तोलणं बरोबर असून भागत नाही, किती दाण्यांना किती दाणे हेही कळावं लागतं. या एका गोष्टीवर युरोपातले केमिस्ट पन्नास वर्षं एकमेकांशी भांडले, कोणाचा कार्बन 6, कोणाचा 12. शेवटी सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीत कार्ल्सरुहेला मोठी बैठक भरली, तिथे कॅनिझारो नावाच्या इटालियन माणसाने अ‍ॅव्होगॅड्रोचा 1811 चा धूळ खात पडलेला विचार (सारख्याच तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखीच) वापरून वजनं कशी लावायची ते मांडलं आणि निघताना त्याची पुस्तिका लोकांना वाटली गेली. श्रोत्यांत एक तरुण रशियन होता, मेंडेलीव्ह.

आवर्तसारणी इथून सुरू होते. वजनं एकाच मापात आल्याशिवाय त्यांना ओळीत लावणार कसं? मेंडेलीव्हने 1869 साली तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं वजनाच्या चढत्या क्रमाने लावली आणि त्याला दिसलं की गुणधर्म फिरून फिरून परत येतात. पण माझ्या मते त्याचा खरा मोठेपणा रिकाम्या सोडलेल्या घरांमध्ये आहे. इथे एक मूलद्रव्य असायला पाहिजे, सापडलं नाहीये अजून, पण त्याचं वजन एवढं, घनता एवढी असणार, असं छापून मोकळा झाला. त्या न सापडलेल्यांना नावं काय दिली, एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हा 'एका' म्हणजे आपला संस्कृतातला 'एक' बरं का, एक घर पुढचं या अर्थाने (त्यावरून पुढे जे काय काय फॉरवर्ड होत असतं त्यात अंदाज जास्त आहे, तेवढं सोडा).

1875 साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां याला गॅलियम सापडलं, हेच ते एका-ॲल्युमिनियम. त्याने घनता मोजली, 4.7 आली. मेंडेलीव्हने, ज्याने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं, त्याला कळवलं की 5.9 च्या आसपास असायला पाहिजे, तुमचा नमुना शुद्ध नसेल. त्या माणसाने नमुना परत शुद्ध करून मोजला आणि 5.9 आली. मी हे नवीन पोरांना सांगतो तेव्हा म्हणतो की तुमचा रिझल्ट तक्त्याशी जुळत नसेल तर तक्त्याला शिव्या देण्याआधी सॅम्पल परत धुऊन बघा. 1886 मध्ये एका-सिलिकॉनही सापडलं, जर्मेनियम, वजनाचा अंदाज 72, आजचा आकडा 72.63.

उलटंही होतं पण, आकडा जुळत नसेल तर कधी कधी तक्त्यातच काहीतरी कमी असतं. लॉर्ड रॅले नावाचा माणूस नायट्रोजन तोलत होता. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन एका काचेच्या गोळ्यात भरला की 2.310 ग्रॅम, आणि अमोनियासारख्या संयुगातून काढलेला तेवढाच नायट्रोजन 2.299 ग्रॅम. फरक अर्धा टक्का! माझ्या लॅबमधला कोणीही म्हणेल जाऊ दे सर, लिमिटमध्ये आहे. रॅलेने जाऊ दिलं नाही, परत परत तोललं, आणि 1894 मध्ये त्याने आणि रॅम्से या केमिस्टने मिळून दाखवलं की हवेत एक आणखी गॅस लपलेला आहे, ऑर्गॉन. आपण श्वास घेतो त्या हवेत जवळजवळ 1 टक्का ऑर्गॉन असतो, आणि तो सापडला तिसऱ्या दशांश स्थळावर विश्वास ठेवल्यामुळे. मेंडेलीव्हच्या तक्त्यात त्याला घरच नव्हतं, मग अख्खा एक नवीन उभा गण जोडावा लागला, आजचा 18वा.

त्याच गणात वर हेलियम. आता कोकणातले लोक माझ्यावर चिडतील, पण सांगतो. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, तिथे साहेबाचे कट्टे आहेत, 18 ऑगस्टला हेलियम दिन असतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, मी पण लहानपणी अभिमानाने सांगायचो. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण खरं आहे, पण त्या दिवशी ज्याचं नाव घेतलं जातं तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होता, आणि ज्या लॉकियर साहेबाचं नाव आपण घेतो तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेच्या प्रकाशाच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली, सोडियमच्या पिवळ्या रेघांच्या अगदी शेजारची पण त्यांची नसलेली. लॉकियर विजयदुर्गला आला होता, नक्की आला होता, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, आणि तोपर्यंत रॅम्सेने 1895 मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढलेलंसुद्धा होतं. किल्ला बघायला जरूर जा, सुंदर आहे.

तक्त्याबद्दल अजून एक, परीक्षेतही विचारतात. वजनाने लावलं तर टेल्युरियम 127.6 आणि आयोडीन 126.9, म्हणजे आयोडीन आधी यायला पाहिजे, पण आयोडीन वागतं क्लोरीन-ब्रोमीनसारखं. मेंडेलीव्हने सरळ अदलाबदल केली आणि वजन चुकलं असेल म्हणाला. वजन बरोबर होतं, तो चुकला होता, पण जागा मात्र बरोबर दिली होती. 1913 मध्ये मोस्ले या तरुण पोराने एक्स-रे वापरून दाखवलं की खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे प्रोटॉनच्या संख्येचा. टेल्युरियम 52, आयोडीन 53, संपला विषय. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला गोळी लागून गेला तो, वय 27. बाकी 118 पर्यंतची सगळी नावं पाठ करायची काही गरज नाही, पहिली 30 आणि पहिला, दुसरा, 17वा, 18वा गण नीट आला की अकरावीला पुष्कळ झालं.

आता सिग्निफिकंट फिगर्स, म्हणजे सार्थ अंक, ज्याचा तिला सगळ्यात जास्त राग येतो. 25 आणि 25.00 सारखंच तर आहे, मार्क का कापतात? सारखं नाही. कांद्याच्या काट्यावर कोणी सोनं तोलतं का? भाजीवाल्याचा काटा 5 ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कोणी भांडत नाही, सराफाकडे 5 ग्रॅम म्हणजे अंगठी गेली. 25 लिहिणारा सांगतोय की मी भाजीवाल्याच्या काट्यावर मोजलं, 25.00 लिहिणारा सांगतोय की मी सराफाच्या काट्यावर मोजलं. शून्यं म्हणजे तुमच्या काट्याची लायकी आहे. कॉलेजातल्या 50 मिलिलिटरच्या ब्युरेटवर (खाली तोटी असलेली मापाची उभी काचनळी) 0.1 च्या रेघा असतात, मधलं अंतर डोळ्याने अंदाजून दुसरा दशांश लिहायचा, म्हणजे 10.2 नाही तर 10.20 किंवा 10.25. त्यापुढे नाही. कॅल्क्युलेटर 0.098039215 दाखवतो, ते त्याचं कौतुक, आपल्या ब्युरेटचं नाही.

एककांचंही सोनाराकडूनच समजून घेता येतं. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आता बाजारात सगळे 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात. पणजीची पाच तोळ्यांची पाटली काट्यावर 58 ग्रॅम भरली की घरात वाद सुरू, जास्त कशी भरली म्हणून. पाटली तीच आहे, तोळा बदलला. म्हणून एकक न लिहिता नुसता आकडा लिहिलेला दिसला की मी रजिस्टर परत पाठवतो.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी भट्टीतून काढलेली क्रुसिबल (राख तोलायची छोटी वाटी) डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात, पूर्ण गार होऊ न देता काट्यावर ठेवली, घाई होती, शिफ्ट संपत आलेली. वजन कमी आलं, कारण गरम वस्तूभोवतीची हवा तापून वर जाते आणि पॅनला वर उचलते. रिपोर्टमध्ये राख कमी दाखवली गेली, बॅच पास झाली, दुसऱ्या दिवशी सिनियरने तीच टेस्ट पुन्हा केली तर फेल. ओरडले नाहीत, फक्त तीच क्रुसिबल गरम करून माझ्यासमोर काट्यावर ठेवली आणि गार होताना आकडा कसा चढतो ते दहा मिनिटं बघत बसायला लावलं. तेव्हापासून मी कधी गरम भांडं तोललेलं नाही.

आणि ही चूक तुमची लेक प्रॅक्टिकलला करूच शकते म्हणून सांगतो, ऑक्झॅलिक ॲसिड. 0.1 मोलरचं (म्हणजे लिटरमागे 0.1 मोल) 250 मिलिलिटर द्रावण बनवायचं असतं, पोरं सूत्रातून मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन, 90 काढतात आणि 2.25 ग्रॅम तोलतात. पण बाटलीतल्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात, ते धरून 126, म्हणजे 3.15 ग्रॅम पाहिजे. 2.25 तोललं तर द्रावण 0.1 ऐवजी साधारण 0.071 होतं, मग पुढे पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून किती लागलं ते मोजणं) कितीही मन लावून करा, उत्तर चुकणारच. बाटलीचं लेबल वाचायचं, त्यावर मोलर मास छापलेलं असतं. परमँगनेट गडद जांभळं असतं, त्याच्या पृष्ठभागाचा खालचा बाक दिसत नाही, म्हणून त्याचं रीडिंग वरच्या कडेला घेतात, बाकी पारदर्शक द्रावणांचं खालच्या बाकाला, डोळा त्याच पातळीत ठेवून.

तर पहिला आठवडा साबुदाणे, चवळी आणि ते तीन कॉलमचं पान. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या गोष्टींचे मोल काढायला सांगा, 58.44 ग्रॅम मीठ म्हणजे 1 मोल, मग आमटीत टाकलेल्या चमचाभर मिठात किती? पेलाभर पाण्यात किती? साखरेचं 342 आहे, चहाच्या साखरेचं काढा. त्यानंतरच आवर्तसारणीचा धडा उघडा. काटा घेताना त्याच्यासोबत छोटं प्रमाण वजन येतं का ते बघून घ्या, आणि पंख्याखाली तोलू नका, 0.01 चा आकडा पंख्याने नाचतो.